विहिरीच्या पोटातला ज्वालामुखी

विहीर खोदायला घेतली की आधी काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग कातळ. कातळ फोडता फोडता एखादा तांबडा, गेरूसारखा थर आणि तो संपला की पुन्हा मांजऱ्या. मराठवाड्यात ज्याने चार विहिरी खोदल्या आहेत त्याला ही उतरण तोंडपाठ असते. पण हे थर असे एकावर एक का आहेत, असे विचारले तर उत्तर येते, "देवानं केलंय तसं, साहेब."

देवाने केले ते ज्वालामुखीच्या हातून केले. वर सांगितलेली सगळी नावे एकाच वस्तूची आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला तप्त रस, म्हणजे लाव्हा, थराथराने पसरला आणि थंड झाला. त्याचा दगड झाला, दगडाची माती झाली. आपली पेर, आपली विहीर, देवळाचा चिरा आणि रस्त्याची खडी, सगळे त्यातूनच आले. म्हणून ज्वालामुखी हा विषय शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकापुरता ठेवून आपल्याला परवडणार नाही. बोअरच्या गाडीला पैसे मोजण्याआधी तो समजून घेतला तर खिशाला फायदाच आहे.

पृथ्वीच्या पोटात सगळीकडे वितळलेला रस खदखदतो आहे अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. आपण राहतो ते वरचे कवच काही किलोमीटर ते काही दशक किलोमीटर जाडीचे आहे. त्याच्या खालचा खडक अतिशय तापलेला असला तरी बहुतेक घट्टच असतो, कारण त्याच्यावर प्रचंड दाब असतो. कुकरमधले पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही दाबामुळे उकळत नाही, पण दाब एकदम सुटला की भसकन उसळते. खडकाचेही तसेच. खालचा तप्त खडक हळूहळू वर सरकला, किंवा वरचे कवच ताणून पातळ झाले, की दाब कमी होतो आणि खडक वितळू लागतो. वितळलेला रस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून तो वाट काढत वर येतो. त्यात विरघळलेले वायू वर येताना सुटतात आणि ढकलायला आणखी जोर लावतात. तो बाहेर पडला की आपण ज्वालामुखी जागा झाला म्हणतो.

जपान, इंडोनेशिया या देशांत प्रकार जरा निराळा आहे. तिथे समुद्राखालचा कवचाचा तुकडा दुसऱ्या तुकड्याखाली घुसतो आणि आपल्याबरोबर पाणी खाली नेतो. पाणी मिसळले की खडक कमी तापमानाला वितळतो. तिथला रस चिकट आणि वायूने भरलेला, त्यामुळे तिथले डोंगर स्फोट होऊन उडतात. अंदमानातले बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी याच पट्ट्यातला आहे. दीर्घ झोपेनंतर तो १९९१ मध्ये जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतो. बेटावर वस्ती नाही, हे बरे.

आपला ज्वालामुखी या जातीचा नव्हता. त्या काळी भारताचा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. सरकता सरकता तो खालून वर येणाऱ्या एका तप्त झोतावर आला. तो झोत आजही आहे. हिंदी महासागरात मॉरिशसजवळ रियुनियन नावाचे बेट आहे, तिथला ज्वालामुखी अजून वरचेवर लाव्हा ओकतो. तो याच झोतावर बसलेला आहे असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आपण मात्र तिथून चार हजारांहून अधिक किलोमीटर पुढे आलो, मधल्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव अशा खुणा सोडत. मॉरिशसही त्याच झोतातून वर आलेले बेट. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची मराठी माणसे उसाच्या मळ्यांवर कामाला तिकडे गेली, त्यांच्या खांद्याला खांदा लावून इतरांनीही रानातले काळे दगड वेचून ढीग लावले. ते ढीग आजही तिथल्या उसात उभे दिसतात. घर सोडून समुद्रापार गेले तरी हाताला लागला तो याच जातीचा दगड!

शंकूसारखा डोंगर नाही, नुसत्या भेगा

ज्वालामुखी म्हटले की डोळ्यांसमोर शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून धूर येतो. आपल्याकडे तसे फारसे झाले नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशा भेगा जमिनीला पडल्या, फक्त त्या कित्येक किलोमीटर लांबीच्या होत्या. त्यातून पातळ लाव्हा उतू गेला आणि दूरवर पसरला. एक थर थंड झाला, मध्ये कधी शेकडो, कधी हजारो वर्षे गेली, मग त्यावर दुसरा. मधल्या काळात पाऊस पडला, तळी साठली, झाडे उगवली, मासे झाले. दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळात त्यांचे दगड झालेले अवशेष नागपूर आणि छिंदवाडा भागात मिळाले आहेत.

आज हा काळा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग त्याने व्यापला आहे. गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रवरमला जो असाच दगड आहे, तो लाव्हा इकडूनच वाहत तिकडे पोचला असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. इंग्रजांनी या प्रदेशाला 'डेक्कन ट्रॅप' म्हटले. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेत जिना. सह्याद्रीकडे लांबून पाहिले की डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो, ती एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचे थर.

जाडी सगळीकडे सारखी नाही. सह्याद्रीत ती दीड-दोन हजार मीटरपर्यंत जाते. पूर्वेकडे येता येता ती कमी होते आणि चंद्रपूर, गडचिरोलीकडे हा दगड संपतो. १९९३च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यात ३३८ मीटर हा काळा दगड लागला, त्याखाली आठ मीटर जुना गाळ आणि मग लाव्ह्याच्याही कितीतरी आधीचा खडक. ३३८ मीटर म्हणजे अकराशे फूट. सातशे फूट बोअर मारून "आता तरी खालचा पाण्याचा पाट लागंल" म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. सातशे फुटांवरही आपण लाव्ह्यातच असतो.

गवतातून आलेले मरण

आपल्याकडचे लाव्हे वाहिले तेव्हा माणूस नव्हता. अवाढव्य डायनोसॉर होते. त्यांची हाडे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला लाव्ह्याखालच्या थरात सापडली आहेत. ते नष्ट झाले ते मेक्सिकोत पडलेल्या अशनीमुळे, की आपल्या ज्वालामुखीचाही त्यात हात होता, यावर अजून वाद चालू आहे.

पण भेगेतून येणारा लाव्हा माणसाचे काय करतो हे आइसलँडने पाहिले आहे. ८ जून १७८३ रोजी तिथे लाकी या ठिकाणी २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली. आठ महिने लाव्हा वाहत होता. निघाला सुमारे १५ घन किलोमीटर. आपल्या मापात सांगायचे तर पाच जायकवाडी धरणे काठोकाठ भरतील एवढा. दगड आपल्याच जातीचा, बेसाल्ट.

लाव्ह्यापासून माणसे पळून जाऊ शकली. खरा घाला आला तो हवेतून. लाव्ह्याबरोबर गंधकाचे आणि फ्लोरिनचे वायू निघाले आणि ते राखेबरोबर कुरणांवर बसले. तेच गवत जनावरांनी खाल्ले. फ्लोरिनने दात आणि हाडे बिघडली, सांध्यांना गाठी आल्या, जनावर उभे राहीना. देशातली निम्मी गाई-गुरे आणि घोडे गेले, मेंढ्या तर दर पाचांतल्या चार गेल्या. शेती थोडी, सारे पोट जनावरांवर, त्यामुळे मागोमाग दुष्काळ आला आणि लोकसंख्येचा पाचवा हिस्सा मेला. योन स्टाइनग्रिमसन नावाच्या तिथल्या धर्मोपदेशकाने हे सारे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले, म्हणून आपल्याला आज कळते. दावणीला जनावर बांधणाऱ्या माणसाला हा प्रसंग अधिक समजावून सांगायला नको.

आता हिशेब करा. दख्खनचा सगळा लाव्हा कमीत कमी पाच लाख घन किलोमीटर तरी असावा असे मानतात. म्हणजे तीस हजारांहून जास्त लाकी! त्या काळातल्या जीवसृष्टीने काय सोसले असेल याची कल्पना करूनच थांबावे.

धिरडे आणि विहीर

आता विहिरीकडे वळू. लाव्ह्याचा एक थर कसा थंड होतो ते धिरड्यात पाहायला मिळते. तव्यावर धिरडे टाकले की वाफ वर जाते आणि वरच्या बाजूला जाळी पडते, तव्याकडची बाजू घट्ट राहते. लाव्ह्यातले वायू तसेच वर चढले आणि थराच्या माथ्याजवळ बुडबुडे होऊन गोठले. तो जाळीदार, ठिसूळ भाग म्हणजे आपला मांजऱ्या. मधला भाग सावकाश थंड झाला आणि घट्ट बसला, तो कातळ. पुढे काळाच्या ओघात मांजऱ्याच्या छिद्रांत गरम पाणी शिरले आणि त्यात पांढरी, चमकदार खनिजे साठली. विहिरीच्या मलब्यात पोरे जे पांढरे खडे वेचतात ते हेच. ही छिद्रे खड्यांनी गच्च भरली असतील तर पाण्याला जागा थोडी, मोकळी किंवा झिजलेली असतील तर जास्त.

कातळाला स्वतःचे पोट नाही. त्यात पाणी राहते ते फक्त सांध्यांत आणि चिरांत. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट टेकडी आहे, तिथे लाव्हा थंड होताना आकसला आणि उभ्या खांबांसारखा चिरत गेला, ते स्पष्ट दिसते. आपल्या रानाखालच्या कातळालाही अशा चिरा असतात, पण कुठे दाट, कुठे नावालाही नाहीत. म्हणून एकाच बांधावर चाळीस फुटांवर दोन बोअर घेतले तर एकाला दोन इंच पाणी आणि दुसऱ्याला नुसता धुरळा, असे घडते. लोक नशिबाला बोल लावतात, पाणाड्याच्या हातावरचा नारळ खोटा पडला म्हणतात. वाळूच्या प्रदेशात पाणी सगळीकडे पसरलेले असते, आपल्याकडे ते फटीत लपलेले असते, एवढाच फरक.

तांबडा थर म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या विश्रांतीची खूण. आधीच्या थराचा माथा झिजून त्याची माती झाली आणि वरून आलेल्या नव्या लाव्ह्याने ती भाजली. या थरातून पाणी सहसा खाली उतरत नाही, ते त्याच्या अंगावरून आडवे सरकते. विहिरीत तांबड्या थराच्या वरच्या कडेने पाझर दिसतो तो यामुळे. पण हा थर पाण्याने फुगतो आणि ढासळतो, तेव्हा तिथे बांधकाम करून घ्यावे, नाहीतर वरचा कातळ लोंबकळत राहतो आणि एखाद्या पावसाळ्यात खाली येतो.

थर आडवे आहेत म्हणून पाणीही बहुतेक आडवेच चालते. विहिरीतून चारी अंगांना आडवे बोअर मारण्याची पद्धत आपल्याकडे टिकली त्याचे कारण हेच आहे. माझे मत विचाराल तर ज्याची विहीर मांजऱ्यापर्यंत गेली आहे पण पाणी कमी पडते, त्याने नवे उभे बोअर मारण्याआधी याचा विचार करावा. मात्र आडवे बोअर मांजऱ्यात किंवा दोन थरांच्या जोडावर हवे. कातळात मारले तर पैसे दगडात गेले.

खोल बोअरबद्दल थोडे स्पष्ट बोलतो, कोणाला राग आला तरी चालेल. जसजसे खाली जावे तसतशा वरच्या वजनाने चिरा मिटत जातात. झिजलेला, पाणी धरणारा खडक बहुधा वरच्या शंभरेक फुटांतच असतो. जुन्या माणसांच्या विहिरी सात-आठ परसांवर थांबत, त्यात शहाणपण होते. खूप खाली कधी कधी पाणी लागते, नाही असे नाही. पण ते वर्षानुवर्षांत हळूहळू मुरलेले असते. दोन हंगाम उपसा केला की बोअर उचक्या देऊ लागते, मग शेजारी आणखी शंभर फूट खाली जातो आणि दोघांचेही आटते. एक कोरडे बोअर म्हणजे सोयाबीनची एका हंगामाची पट्टी गेली. अशी तीन-तीन कोरडी बोअर घेतलेली घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या दोन घरांनी बोअरसाठी रान गहाण टाकले होते. महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने साठ मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खालच्या विहिरी वेगळ्या धरल्या आहेत, त्या उगाच नव्हे. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर नको असा नियम गावातच केला आणि वरच्या थरातले पाणी मोजून वापरले. तिथला दगडही लाव्ह्याचाच.

काही भागांत, विशेषतः धुळे-नंदुरबारकडे, भेगेत अडकून थंड झालेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती जमिनीत आहेत. रानातून सरळ रेषेत जाणारी दगडांची लांबच लांब रांग दिसते तीच. अशी भिंत अखंड असेल तर जमिनीखालच्या बंधाऱ्याचे काम करते. चढाच्या बाजूच्या विहिरी भरतात, उताराच्या बाजूच्या कोरड्या राहतात. भिंत चिरलेली असेल तर नेमके उलट, तिच्या अंगाने पाणी मिळते.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी पाझर तलावाची जागा ठरवताना तळाशी काय आहे ते आधी पाहावे. तळ मांजऱ्यावर असेल तर पाणी मुरेल. अखंड कातळावर असेल तर तळे दिसायला भरलेले राहील, फोटोही चांगला येईल, पण खालच्या विहिरींना थेंब मिळणार नाही आणि उन्हाने पाणी उडून जाईल. नाला खोल करतानाही तेच. मांजऱ्या पुरता कापून कातळापर्यंत गेले तर शेजारच्या विहिरीतले पाणी उलट नाल्यात उतरते.

काळी माती

या दगडात चुना, मॅग्नेशियम, लोह भरपूर. आपल्या मध्यम पावसात तो झिजला की पाण्याने फुगणारी आणि उन्हाने आकसणारी चिकण माती होते. भारी रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात औत चालत नाही, ते त्यामुळे. याच गुणाने ती ओल धरते आणि एकही पाणी न देता रब्बी ज्वारी पदरात घालते. कोकणात आणि महाबळेश्वरला पाऊस फार, तिथे त्याच दगडातला चुना वाहून गेला आणि लाल जांभा उरला. डोंगरउतारावरची माती पावसाने धुपून खोऱ्यात येते, म्हणून वरच्या रानात वीतभर आणि नदीकाठी दोन पुरुष. ती उतारावर परत तयार व्हायला किती पिढ्या लागतील याचा हिशेब मांडत नाही, बांध घाला एवढेच म्हणतो.

ज्वालामुखीने दिलेल्या या मातीत नत्र नाही, ते शेणखत आणि डाळवर्गीय पिकांनीच आणावे लागते. माती परीक्षणात पालाश बहुधा चांगला येतो. स्फुरद असते पण मातीत अडकून बसते, आणि चुनखडीच्या रानात लोह असूनही पिकाला मिळत नाही, मोसंबीची पाने पिवळी पडतात.

इंडोनेशियात जावा बेटावर राख पडून माती नवी होत राहते, म्हणून तिथे ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर शेती आहे. २०१० मध्ये मेरापी डोंगर फुटला, साडेतीनशेच्या आसपास माणसे गेली, आणि राख निवल्यावर पुष्कळ शेतकरी परत त्याच उतारावर आले. आपल्याला ती भीती नाही, आणि ती नवी मातीही नाही. आहे ती सांभाळायची.

खाली आग आहे का?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून झोपलेली किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे, दहा हजारांच्या आसपास माणसे. तेव्हापासून "खाली ज्वालामुखी हाय" ही भीती गेलेली नाही. २०२४ मध्ये मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले तेव्हाही लोकांनी तेच विचारले. उत्तर स्पष्ट आहे. आपला ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी विझला आहे. भारताचा भूभाग उत्तरेला हिमालयावर रेटतो आहे, त्याचा ताण खोलवरच्या जुन्या भेगांवर येतो आणि एखादी सरकते. भूकंप होतो तो यामुळे. त्याला उपाय म्हणजे घर. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड धाबे यांनी किल्लारीत माणसे दाबली.

थंडीत पहाटे विहिरीतून वाफ निघते, तिनेही लोक घाबरतात. विहिरीचे पाणी बारा महिने जवळपास सारख्याच उष्णतेचे असते, हवा गार झाली की वाफ दिसते, बाकी काही नाही. उनपदेव, वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडेही जिवंत ज्वालामुखीची नव्हेत. पाणी भेगांतून खूप खोल जाते, तापते आणि वर येते. लोणारचे सरोवर पाहून आलेली मंडळी ते ज्वालामुखीचे तोंड आहे असे सांगतात. ते नाही. लाव्हा थंड होऊन कैक काळ लोटल्यावर आकाशातून अशनी पडला, त्याचा तो खड्डा. पोलीस पाटलांनी आणि तलाठी मंडळींनी अफवा उठली की ही उत्तरे द्यावीत.

आणि एक काम ग्रामपंचायतीने करण्यासारखे आहे. गावात बोअरची गाडी आली की दर दहा फुटांना वर येणारा चुरा एका कागदावर मांडून ठेवायला सांगा. तांबडा, करडा, काळा, पांढरे खडे असलेला. पाणी किती फुटांवर आले तेही लिहा आणि गट नंबर टाका. कोरड्या बोअरचीही नोंद करा, तिची तर आधी करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. आपल्या गावाजवळ अशी विहीर आहे का ते तालुक्याला विचारता येते. वीस-पंचवीस बोअरच्या नोंदी एका वहीत आल्या की कोणता थर कोणत्या शिवारात किती खोल आहे ते गावालाच दिसू लागते. वही पंचायतीच्या कपाटात ठेवावी आणि नवीन बोअर घेणाऱ्याने गाडीला फोन करण्याआधी ती उघडून पाहावी.